परदेशात मय्यत झाली तर: सही कोणाची आणि कशावर?

(वणी येथील नागरिक मार्गदर्शन बैठकीत केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

 

आजचा विषय घरात कोणी काढू देत नाही. मुलगा सौदीला निघाला की आपण दुवा मागतो, बॅगेत लोणचं-मसाला भरतो, नाशिकपर्यंत सोडायला जातो. पण तिकडे काही बरंवाईट झालं तर काय करायचं, असं कोणी विचारलं की आई म्हणते, "शुभ बोल." मग एखाद्या रात्री दोन वाजता फोन येतो. फोन करणारा खोलीतला साथीदार असतो, बऱ्याचदा दुसऱ्या राज्यातला. आणि इकडे घरात पासपोर्टची झेरॉक्ससुद्धा सापडत नाही.

रत्नागिरी-रायगडकडच्या गावांत असं झालं तर जमातीत कोणाला तरी ठाऊक असतं की पहिला फोन कुठे करायचा. त्यांच्या दोन-तीन पिढ्या आखातात गेल्या आहेत. आपल्या दिंडोरी तालुक्यात द्राक्ष आणि टोमॅटोची माहिती घरोघरी आहे, ही माहिती नाही. म्हणून ही बैठक.

आपल्या उत्तर महाराष्ट्रातलीच एक घटना आठवा. ४ जून २०२४. सगळा देश लोकसभेच्या निकालात गुंतला होता. त्याच दिवशी रशियात, वेलिकी नोवगोरोद शहरात, वोल्खोव नदीत जळगाव जिल्ह्यातले चार वैद्यकीय विद्यार्थी बुडाले. त्यांत अमळनेरचे भाऊ-बहीण होते. सगळे मृतदेह एकदम सापडले नाहीत. सेंट पीटर्सबर्गचा आपला वाणिज्य दूतावास, मॉस्कोचा दूतावास आणि जळगावचं जिल्हाधिकारी कार्यालय यांनी मिळून काम केलं आणि पार्थिवं मुंबईमार्गे घरी आली. त्याच महिन्यात १२ तारखेला कुवेतच्या मंगफमध्ये कामगारांच्या इमारतीला आग लागली. दोन दिवसांत, १४ जूनला, हवाई दलाचं विमान ४५ भारतीयांची पार्थिवं घेऊन कोचीला उतरलं.

म्हणजे सरकारी यंत्रणा हलू शकते, हे खरं आहे. पण तिथे बातमी देशभर गेली होती. दम्मामच्या रस्त्यावर ट्रेलर चालवताना छातीत कळ येऊन गेलेल्या एकट्या माणसाची बातमी कुठेच छापून येत नाही. त्याचे कागद घरच्यांनाच हलवावे लागतात.

धरून चला, असा एक ड्रायव्हर आपल्याच गावचा आहे. फोन आला. रडून झाल्यावर, किंवा रडता रडता, एकाने वही घ्यायची आणि फोन करणाऱ्याला विचारायचं: मय्यत कोणत्या रुग्णालयाच्या शवागारात आहे? पोलिसांत नोंद झाली का? पासपोर्ट कोणाकडे आहे? इकामा नंबर काय? कंपनीचं किंवा कफीलचं नाव आणि फोन काय? एवढं मिळालं की त्या देशातल्या भारतीय दूतावासाला ईमेल आणि फोन करायचा, आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' या पोर्टलवर तक्रार नोंदवायची. हे पोर्टल २०१५ पासून आहे. त्यावर नोंदणी क्रमांक मिळतो, आणि तो क्रमांक असला की तुमचा अर्ज कोणाच्या टेबलावर आहे हे विचारता येतं. पुढाऱ्याच्या शिफारसपत्रामागे धावण्याआधी हा क्रमांक घ्या. पत्र नंतरही मिळतं.

तिकडे रुग्णालयाचा अहवाल, पोलिसांचं पत्र, नागरी नोंदणीचा मृत्यू दाखला आणि मग दूतावासाचं ना-हरकत प्रमाणपत्र, अशा क्रमाने काम चालतं. दूतावास पासपोर्ट रद्द करून देतो आणि मृत्यूची नोंदही करतो. अपघात किंवा संशयास्पद मृत्यू असेल तर पोलीस तपास संपेपर्यंत थांबावं लागतं. त्यात आठवडे जाऊ शकतात. हे आधीच माहीत असलं की रोज सकाळी "आज येणार, उद्या येणार" असा जिवाला घोर लागत नाही.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. दूतावासाला घरच्यांकडून एक कागद लागतो: वारसांचं संमतीपत्र किंवा मुखत्यारपत्र, नोटरी केलेलं. त्यात दोनपैकी एक लिहायचं असतं. मय्यत भारतात पाठवा, किंवा तिथेच दफन करा. आणि तिथे धावपळ करणाऱ्या एका माणसाला त्यासाठी अधिकार द्यायचा असतो. ही सही कोणाची? वारसाची. लग्न झालेला माणूस असेल तर सगळ्यांत आधी त्याच्या बायकोची. पण आपल्या घरांत काय होतं? ती कोपऱ्यात बसलेली असते, भोवती बायका असतात, बाहेर ओट्यावर दीर, सासरे, मेहुणे ठरवतात आणि आत फक्त कागद आणि पेन जातं. तिला कोणी वाचून दाखवत नाही. मी इथे बसलेल्या मौलाना साहेबांसमोर बोलतोय: शरीयतने जिला वारस केलं, तिच्याकडून न वाचता सही घेणं हा कोणता अदब?

काय ठरवावं, हे सांगायला मी आलेलो नाही. पण ठरवताना काय माहीत असावं ते सांगतो.

दीनची शिकवण आपल्याला माहीत आहे. जनाज्याला उशीर करू नये, आणि माणूस जिथे मरण पावला तिथे दफन करणं चांगलं मानलं आहे. मय्यत विमानाने आणायची तर रसायनं वापरून ती टिकवावी लागते आणि पेटी सीलबंद करावी लागते. अनेक आलिमांना हे पसंत नाही. हजला गेलेला हाजी तिकडे वारला तर त्याला तिकडेच दफन करतात, आणि आपण ते नशीब समजतो. २०२४ च्या हजमध्ये कडक ऊन होतं. जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत ९८ भारतीय हाजी वारल्याचं परराष्ट्र मंत्रालयाने सांगितलं होतं.  नोव्हेंबर २०२५ मध्ये मदीनेजवळ बसच्या अपघातात हैदराबादचे चाळीसहून अधिक उमरा यात्रेकरू गेले. त्यांचं दफन मदीनेतच झालं. मक्का-मदीनेत दफन झालं तर नशीबवान आणि जुबैलच्या कब्रस्तानात झालं तर बेवारस, ही आपली समजूत मला पटत नाही. माती तीच आहे, नमाजही तीच आहे.

पण दुसरी बाजूही ऐका. आईला तोंड पाहायचं असतं. लेकरांना कुठे जाऊन फातिहा पढायचा ते ठाऊक हवं असतं. ही मागणी कमी इमानाची आहे असं म्हणण्याचा हक्क कोणालाच नाही.

आणि तिसरी बाजू पैशाची. सौदीच्या कामगार कायद्यात कलम ४० मध्ये स्पष्ट लिहिलं आहे की मृत कामगाराची मय्यत तयार करून मूळ ठिकाणी पाठवण्याचा खर्च मालकाने करायचा. घरच्यांच्या संमतीने तिथेच दफन झालं तर ती जबाबदारी राहत नाही. आता लक्षात आलं का, त्या संमतीची किंमत किती आहे? कंपनीचा माणूस फोनवर "भाई, इधर ही दफन कर दो, सवाब है" म्हणतो, तेव्हा तो दीन सांगतोय की मालकाचा खर्च वाचवतोय, हे एकदा स्वतःला विचारा. मग शांतपणे, आपल्या मर्जीने, हो किंवा नाही म्हणा.

मालक पळाला, विमा नाही, घरच्यांकडे पैसे नाहीत, अशा वेळी दूतावासाकडे भारतीय समुदाय कल्याण निधी असतो. तो २००९ मध्ये सुरू झाला, त्याचे नियम २०१७ मध्ये सुधारले. मय्यत पाठवणं किंवा तिथे दफन करणं, दोन्हीसाठी त्यातून मदत मिळू शकते. मागावी लागते, आपोआप येत नाही. गावात वर्गणीचा डबा फिरवण्याआधी हा अर्ज करा. विमानाच्या दराबाबतही लोकांनी भांडून काही मिळवलं आहे. पूर्वी एअर इंडिया दुबईहून मय्यतीचं भाडं किलोवर घ्यायची, मय्यत काट्यावर ठेवली जायची. केरळच्या लोकांनी त्याविरुद्ध वर्षानुवर्षं आवाज उठवला, आणि जानेवारी २०१९ पासून तिथून एकच ठरावीक दर झाला. अजमानमध्ये राहणारे अशरफ तामरश्शेरी यांनी तर कोणत्याही धर्माच्या, अनोळखी माणसांच्या मय्यती घरी पाठवण्यात आयुष्य घातलं. त्यांना २०१५ चा प्रवासी भारतीय सन्मान मिळाला.

सही करताना आणखी एक बघा. दफनाचा किंवा पाठवणीचा कागद वेगळा आणि पैशाचा कागद वेगळा. "आमचं कंपनीकडे काही येणं नाही" असं एक वाक्य संमतीपत्रात हळूच घातलेलं असतं. ते खोडायचं. अरबीत असेल तर भाषांतर मागायचं. कोऱ्या स्टॅम्प पेपरवर सही तर कधीच नाही, दुःख कितीही मोठं असलं तरी.

कारण येणं असतं. थकलेला पगार असतो. सौदीत नोकरी संपल्याची रक्कम पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी अर्धा महिना आणि त्यापुढे दरवर्षी एक महिना पगार, अशी मोजतात. बारा वर्षं काम केलेल्या माणसाचे साडेनऊ महिन्यांचे पगार होतात. रस्ता अपघातात दुसऱ्याची चूक असेल तर दियतचा दावा होतो. ज्याच्या पासपोर्टवर ईसीआर आहे, म्हणजे साधारणपणे दहावी न झालेला माणूस, आणि जो सरकारी नोंदणी करून कामाच्या व्हिसावर गेला, त्याचा प्रवासी भारतीय विमा असतो. अपघाती मृत्यूसाठी दहा लाख रुपये. हप्ता किती, तर दोन वर्षांचा २७५ रुपये. पण एजंटने 'व्हिजिट'वर पाठवला असेल तर ना नोंदणी, ना विमा. आणि नैसर्गिक मृत्यूला तो दहा लाखांचा विमा लागू नाही, हेही माहीत असू द्या. म्हणून मृत्यूचं कारण दाखल्यावर काय लिहिलंय ते वाचा. काम करताना पडून गेलेल्या माणसाच्या कागदावर नुसतं 'हृदय बंद पडलं' लिहिलं असेल तर वैद्यकीय आणि पोलीस अहवालाची प्रत मागा.

हे पैसे मिळवायला वारसाचा पुरावा लागतो. आपल्याकडे दिवाणी न्यायालयातून वारस दाखला मिळतो, तोही १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली. दोनशे वर्षं जुना कायदा, अजून चालू आहे. वेळ लागतो, म्हणून अर्ज लवकर करा. वाटणीच्या वेळी आधी मय्यतीचं कर्ज, त्यात बायकोचा राहिलेला मेहेरही येतो, आणि मग हिस्से. मुलं असतील तर विधवेचा आठवा हिस्सा. तो तिच्या खात्यात गेला पाहिजे, दिराच्या नाही.

मृत्यू दाखल्यासाठी वणी ग्रामपंचायतीत हेलपाटे घालू नका. मृत्यू इथे झालेला नाही, ते नोंद करू शकत नाहीत. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम २० प्रमाणे दूतावासाची नोंद भारतात चालते. बँक, रेशन, पेन्शन, सगळीकडे तीच दाखवा.

मय्यत आणायचं ठरलं तर मुंबईत ती प्रवाशांच्या दारातून येत नाही, सहारच्या कार्गो विभागात येते. मृत्यू दाखला, टिकवण्याचं प्रमाणपत्र, दूतावासाची ना-हरकत आणि रद्द पासपोर्टची प्रत घेऊन जायचं. विमानतळाच्या आरोग्य अधिकाऱ्याची परवानगी लागते. त्यासाठी २०२३ पासून 'ई-केअर' नावाचं पोर्टल आहे. गाडी आधी ठरवा. गुस्ल तिकडेच झालं का, ते पेटी निघण्याआधी विचारून घ्या, म्हणजे कब्रस्तानात वाद होत नाही. आणि खोदणाऱ्याला सांगा की पेटी मोठी असते.

तिथेच दफन झालं तर गैरहजेरीत जनाज्याची नमाज पढायची की नाही, यावर हनफी आणि शाफई यांचं मत वेगळं आहे. तुमच्या इमाम साहेबांना विचारा, भांडू नका. इद्दतीबद्दल मात्र बहुतेक आलिमांचं एकमत आहे: चार महिने दहा दिवस मोजायचे ते मृत्यूच्या दिवसापासून. बातमी आली त्या दिवसापासून नाही, मय्यत आली त्या दिवसापासूनही नाही. मय्यत यायला महिना लागला म्हणून एखाद्या बाईला पाच महिने घरात बसवू नका. आणि इद्दतीत असली तरी नोटरीसमोर किंवा न्यायालयात गरजेपुरतं जायला तिला अडवू नका. तिचा हक्क त्या कागदावर आहे.

ज्यांच्या घरातलं कोणी बाहेर आहे, त्यांनी आज रात्री फोन करून एवढंच मागवा: पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाचा फोटो, इकामा, कामाचा करार, विम्याचा कागद आणि दोन साथीदारांचे नंबर. हे फोटो बायकोच्या मोबाईलमध्येही असू द्या, फक्त भावाच्या नको. "कशाला हवंय?" असं त्याने विचारलं, तर सांगा, वणीला बैठक झाली, सगळेच मागवतायत.

आता प्रश्न घेऊ. मागच्या बाजूला बसलेल्या बहिणींनी आधी विचारावं.