दोन्ही बाजू कशाच्या?

(पेनसिल्व्हेनियातील मराठी मंडळाच्या स्नेहसंमेलनातील अध्यक्षीय भाषण)



माझ्याआधीच्या वक्त्यांच्या एका वाक्याला तुम्ही सगळ्यात जास्त टाळ्या दिल्यात. "शाळेत उत्क्रांतीही शिकवा आणि निर्मितीवादही शिकवा, मुलं हुशार आहेत, त्यांचं ती ठरवतील." अध्यक्षाने शेवटी सगळ्यांचं तोंड गोड करायचं, असा रिवाज आहे. आज तो मी मोडणार आहे. कारण हे उदार वाटणारं वाक्य आपल्याच राज्यातल्या कोर्टात सहा आठवडे तपासलं गेलं आणि पार उघडं पडलं. इथे राहून आपल्याला त्याचा पत्ता नसावा, हे मला खटकतं.

यॉर्क परगण्यात डोव्हर नावाचं गाव आहे. ऑक्टोबर २००४ मध्ये तिथल्या स्कूल बोर्डाने सहा विरुद्ध तीन मतांनी ठरवलं की, नववीच्या जीवशास्त्राच्या वर्गात 'इंटेलिजंट डिझाइन', म्हणजे सजीवांच्या रचनेमागे कुणा बुद्धिमान रचनाकाराचा हात आहे ही कल्पना, मुलांच्या कानावर घालायची. एक निवेदन तयार झालं. डार्विनचा सिद्धांत म्हणजे सिद्ध झालेली गोष्ट नव्हे, त्यात त्रुटी आहेत, दुसरी बाजू समजून घ्यायची असेल तर 'ऑफ पांडाज अँड पीपल' हे पुस्तक उपलब्ध आहे, असा त्याचा आशय. विज्ञानाच्या शिक्षकांनी ते वाचायला साफ नकार दिला. मग जानेवारी २००५ मध्ये शाळेचे अधिकारी स्वतः वर्गात आले आणि वाचून गेले. वाचून झाल्यावर मुलांना काय सांगितलं असेल? यावर चर्चा होणार नाही, शिक्षक तुमच्या प्रश्नांना उत्तरं देणार नाहीत! मुलं हुशार आहेत, त्यांनी ठरवावं. फक्त तोंड उघडू नये.

अकरा पालक कोर्टात गेले. 'किट्झमिलर विरुद्ध डोव्हर' हा तो खटला. त्यातली सगळ्यात बहारीची साक्ष बार्बरा फॉरेस्ट या लुइझियानाच्या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापिकेची. १९८७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने लुइझियानाचा कायदा रद्द केला होता. शाळेत उत्क्रांती शिकवाल तर निर्मितीवादही शिकवा, असं सांगणारा तो कायदा. म्हणजे आजच्या टाळ्यांचंच वाक्य. त्या वेळी 'पांडाज'चं लेखन चालू होतं. फॉरेस्टबाईंनी त्या पुस्तकाचे जुने मसुदे कोर्टामार्फत मागवून घेतलेल्या कागदांतून तपासले. निकालाआधीच्या मसुद्यांत 'क्रिएशनिस्ट्स', निकालानंतर त्याच जागी 'डिझाइन प्रोपोनन्ट्स'. व्याख्या तीच, वाक्यं तीच. आणि एका ठिकाणी घाईत जुना शब्द नीट पुसलाच गेला नाही. नवा शब्द जुन्याच्या पोटात बसला आणि 'सीडिझाइन प्रोपोनन्ट्सिस्ट्स' असं एक विचित्र कडबोळं कागदावर उरलं. ही तुमची दुसरी बाजू! नवं संशोधन एका पैचं नाही. कोर्टाने दार लावलं म्हणून पाटी बदलून आलेलं जुनंच बिऱ्हाड.

बोर्डाच्या बाजूचे मोठे साक्षीदार मायकल बिही. विज्ञानाची त्यांनी केलेली व्याख्या इतकी सैल होती की, उलटतपासणीत त्यांना मान्य करावं लागलं, त्या व्याख्येत फलज्योतिषही बसेल. हसू नका. आपल्याकडे यूजीसीने २००१ साली विद्यापीठांत 'ज्योतिर्विज्ञान' आणलं आणि २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने ते चालूही दिलं. बिहींच्या तोंडून ते निदान वकिलाने काढून घेतलं होतं.

२० डिसेंबर २००५ ला न्यायमूर्ती जॉन जोन्स यांनी १३९ पानांचा निकाल दिला. इंटेलिजंट डिझाइन हे विज्ञान नाही आणि ते शाळेत घुसवणं घटनाबाह्य आहे. हे न्यायमूर्ती रिपब्लिकन, जॉर्ज बुश यांनी नेमलेले. डाव्यांचं कारस्थान म्हणायचीही सोय राहिली नाही. खटल्याचा खर्च म्हणून दहा लाख डॉलर शाळेच्या तिजोरीतून गेले, म्हणजे गावकऱ्यांच्या खिशातून.

आणि ही देव मानणारे विरुद्ध न मानणारे अशी लढाई नव्हती. फिर्यादी पालकांत चर्चमध्ये मुलांचे बायबलचे वर्ग घेणारे होते. त्यांच्या बाजूचे पहिले तज्ज्ञ साक्षीदार, केनेथ मिलर, श्रद्धावान कॅथलिक. या पालकांचं म्हणणं साधं होतं: धर्म आम्ही घरी शिकवू, शाळेने विज्ञान शिकवावं.

आता आपल्याकडे वळतो, म्हणजे नेमकं जिथे तुम्हाला झोंबेल तिथे. डोव्हरच्या लोकांना आपण मागासलेले म्हणतो आणि त्याच संध्याकाळी मंडळाच्या ग्रुपवर दशावतार फिरवतो. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन. बघा, आमच्या पूर्वजांना डार्विनच्या आधी सगळं ठाऊक होतं! दशावताराची कथा मलाही प्रिय आहे. पण ती कुणाला कुठे खणायचं ते सांगत नाही. उत्क्रांती सांगते. याच पेनसिल्व्हेनियात, क्लिंटन परगण्यात, रस्त्यासाठी डोंगर कापला तिथल्या लाल खडकात टेड डेशलर आणि नील शुबिन या जीवाश्मतज्ज्ञांना चार पायांच्या प्राण्यांचे फार जुने अवशेष मिळाले. मासा आणि चतुष्पाद यांच्या मधला दुवा हवा असेल, तर सुमारे साडेसदतीस कोटी वर्षांपूर्वीच्या, नदी-ओढ्यांत साचलेल्या खडकांत शोधायला हवं, असा हिशेब करून ते कॅनडाच्या एल्समियर बेटावर गेले. अनेक उन्हाळे हात हलवत परतले. २००४ मध्ये टिक्टालिक सापडला: माशाचे खवले, कल्ले आणि पर, पण मान सुटी आणि परांच्या आत खांदा, कोपर, मनगट यांची हाडं. डोव्हरमध्ये 'त्रुटी'चा ठराव झाला त्याच वर्षी ही त्रुटी बर्फातून बाहेर येत होती. कूर्मावतार वाचून असा एक दगड कुणी उचलला असेल तर मला दाखवा.

जानेवारी २०१८ मध्ये आपल्या औरंगाबादेत केंद्रातले शिक्षण राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले, डार्विन चुकीचा आहे, माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलेला नाही, अभ्यासक्रम बदला. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी एकत्र निषेध केला, त्यांचे वरिष्ठ मंत्री जावडेकर यांनीही त्यांना आवरलं. आपण म्हटलं, संपलं. पुढे पाचेक वर्षांत एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकात 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' या धड्याची नुसती 'आनुवंशिकता' झाली. कारण दिलं, ओझं कमी करणं. बारावीच्या जीवशास्त्रात उत्क्रांती आहे, पण दहावीनंतर वाणिज्य घेणाऱ्या मुलीने ती कधी वाचायची? महाराष्ट्राच्या राज्य मंडळाने २०१८ साली काढलेल्या दहावीच्या पुस्तकात मात्र हा विषय पहिल्याच धड्यात आहे, हे मुद्दाम सांगतो. डोव्हरमध्ये निदान चोर मागच्या दाराने आत शिरताना दिसला. भारतात तर घरातलंच उचलून नेलं आणि शेजाऱ्यांनी हूं की चूं केलं नाही.

डोव्हर वाचलं ते एकट्या न्यायमूर्तींमुळे नव्हे. निकालाच्या सहा आठवडे आधी, ८ नोव्हेंबरला, बोर्डाची निवडणूक झाली. ठरावाच्या बाजूचे जे आठ जण उभे होते ते आठही गावाने पाडले. आपल्या राज्यात प्रत्येक स्कूल बोर्डावर नऊ माणसं असतात, चार वर्षांसाठी, बिनपगारी. त्यांच्या निवडणुकीला आपल्यातले किती जण जातात? मुलाच्या मॅथ ऑलिंपियाडसाठी तीन तास गाडी चालवणारा बाप कोपऱ्यावरच्या बोर्डाच्या सभेला जात नाही. ग्रीन कार्डवाल्यांना मत नसतं, मान्य. पण सभेत उभं राहून बोलायला रहिवासी असणं पुरतं, आणि घराचा कर तर आपण भरतोच.

म्हणून भाषण थांबवून ठराव मांडतो. प्रत्येक डिस्ट्रिक्टमधून या मंडळाचा एक सभासद तिथल्या बोर्डाच्या दर सभेला हजर राहील आणि विज्ञानाच्या अभ्यासक्रमाचा विषय निघाला की मंडळाला कळवेल. गणपतीच्या मांडवासाठी आपण बारा समित्या करतो, ही तेरावी. सूचक मी. अनुमोदन कोण देतंय?