प्रवरेच्या काठाने : चार घरगुती सहली

सहल म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे महाबळेश्वर येते, माथेरान येते, फार तर वेरूळ-अजिंठा येते. सहल जितकी लांबची तितकी चांगली, असे मुलांना वाटते आणि पुष्कळदा गुरुजींनाही वाटते. घरातल्या बायामाणसांची गोष्ट आणखी निराळी. त्यांच्या वाट्याला सहल येतच नाही. येते ती यात्रा. देवाचे निमित्त असल्याखेरीज उंबरा ओलांडायचा नाही, आणि ओलांडलाच तर डोक्यावर शिदोरीचे गाठोडे अन् कडेवर मूल. सगळ्या घराने मिळून, चार घटका नुसते पाहावे, बोलावे, बसून खावे आणि दिवेलागणीला घरी यावे, एवढी साधी गोष्ट आपल्याकडे क्वचितच घडते. ती घडावी म्हणून श्रीरामपूरच्या आसपासच्या चार जागा मी आज सुचवणार आहे.

तुम्ही म्हणाल, श्रीरामपुरात पाहण्यासारखे काय आहे? ना डोंगर, ना किल्ला. गाव तसे अलीकडचेच. १८७८ साली दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला. प्रवरेकाठच्या जुन्या बेलापूर गावाला सोयीचे म्हणून इथे स्थानक झाले आणि त्या ‘बेलापूर रोड’च्या भोवती पेठ वाढली. गावाचे नाव पुढे श्रीरामपूर झाले, तरी स्थानकाला बेलापूर हे जुने नाव चिकटून राहिले. चहूकडे उसाचे मळे, पाट आणि चाऱ्या. हे सगळे खरे. पण आपल्याजवळ प्रवरा आहे. सह्याद्रीत रतनगडाच्या कुशीत ती उगम पावते आणि नेवासे तालुक्यात गोदावरीला मिळते. आपण राहतो ते तिच्या मधल्या वाटेवर. एक दिवस तिच्या वरच्या अंगाला जावे, एक दिवस खालच्या अंगाला, आणि आरंभ घरच्याच तालुक्यातून करावा.

पहिली सहल दायमाबादची. प्रवरेच्या डाव्या तीरावरचे हे ओसाड गाव श्रीरामपूर तालुक्यातच आहे. शाळेत मुले हडप्पा आणि मोहेंजोदडो ही नावे पाठ करतात. ती ठिकाणे इथून शेकडो कोस दूर. पण त्या संस्कृतीच्या उत्तरकाळाशी नाते सांगणारी वस्ती आपल्याच नदीकाठी होती, हे किती मुलांना ठाऊक असते? १९५८ साली पुरातत्त्व खात्याच्या बोपर्डीकरांनी ही जागा हेरली. त्यानंतर देशपांडे, राव आणि साळी या संशोधकांच्या देखरेखीखाली १९७९ पर्यंत तीन वेळा उत्खनन झाले. मातीचे थरावर थर निघाले. सुमारे चार हजार वर्षांपूर्वीपासून जवळजवळ हजार वर्षे माणसे इथे नांदली. जव, मसूर, वाटाणा पिकवीत होती. काळ्या रंगाने नक्षी काढलेली तांबडी, तोटीची भांडी वापरीत होती. अशा भांड्यांना विद्वान लोक ‘जोर्वे’ म्हणतात, आणि हे जोर्वेसुद्धा आपल्याच प्रवरेकाठी, संगमनेर तालुक्यात आहे. तान्हे मूल दगावले तर त्याला मडक्यात घालून घराच्याच जमिनीखाली पुरण्याची त्यांची रीत होती. ही गोष्ट मुलांपेक्षा घरातल्या आजीला अधिक लवकर कळेल. मूल घरापासून दूर जाऊ नये, ही माया चार हजार वर्षांत बदललेली नाही.

१९७४ साली इथे एका भिल्ल शेतकऱ्याला झुडपाचे मूळ खणताना चार मोठी ओतीव शिल्पे सापडली. दोन बैलांचा रथ आणि त्यात उभा राहून तो हाकणारा माणूस, एक रेडा, एक हत्ती आणि एक गेंडा. चारही मिळून वजन साठ किलोंच्या वर. रथ सुमारे दीड फूट लांब. रेडा आणि गेंडा चाकांवर उभे केलेले आहेत. पोळ्याला मातीचे बैल करून त्यांना चाके लावणाऱ्या आपल्या पोरांना ही कारागिरी परकी वाटणार नाही. ही शिल्पे नेमकी कोणत्या काळातली, यावर विद्वानांत वाद आहेत. पण असा ऐवज या मातीत निघाला, यात वाद नाही.

आता एक सांगून ठेवतो. दायमाबादला गेल्यावर तिथे मोठी इमारत किंवा कमान दिसेल असे समजू नका. मातीचे उंचवटे, काटेरी झुडपे आणि खाली नदी. पाहायचे ते मनाच्या डोळ्यांनी. म्हणून गुरुजींनी आदल्या दिवशी वर्गात रथाचे चित्र दाखवावे आणि मगच मुलांना न्यावे. जमिनीवर खापरे दिसली तर मुलांना वाकून पाहू द्या, वहीत चित्र काढू द्या. पण एकही तुकडा खिशात घालू देऊ नका. खापर जागेवर आहे तोवर ते पुरावा असते. घरच्या फळीवर ठेवले की ते नुसते खापर उरते. प्रत्येक शाळेने एकेक तुकडा नेला तर पुढच्या संशोधकाला वाचायला पान राहणार नाही. आणि चार-दोन शाळा दरवर्षी तिथे जाऊ लागल्या, तर त्या टेकाडावर नांगर किंवा फावडे चालवू पाहणारालाही दोनदा विचार करावा लागेल. ज्या जागेला माणसे नावाने ओळखतात, ती जागा सहजासहजी नाहीशी होत नाही.

दुसरी सहल नेवाशाची आणि प्रवरासंगमाची. ही सबंध घराने करण्याजोगी. नेवाशाला ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वर महाराजांनी ज्ञानेश्वरी सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, तो पैस खांब आजही उभा आहे. वर्ष शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०. परंपरेप्रमाणे महाराजांचे वय तेव्हा पंधराच्या आसपास होते. हे दहावीतल्या मुलाला मुद्दाम सांगा. खांबावर एक जुना कोरीव लेख आहे. देवापुढच्या दिव्याच्या तेलासाठी दिलेल्या दानाची त्यात नोंद आहे. गावात मोहिनीराजाचे मंदिर आहे. आणि इथेच १९५४ ते १९५६ या काळात डेक्कन कॉलेजच्या डॉ. सांकळियांनी उत्खनन केले. नदीच्या दगडगोट्यांत अश्मयुगीन माणसाची हत्यारे मिळाली आणि लाडमोड टेकडीत त्यानंतरच्या वस्त्यांचे थर. एकाच गावात दगडी हत्यारापासून ज्ञानेश्वरीपर्यंतचा प्रवास पाहायला मिळतो, असे गाव दुसरीकडे शोधून सापडणे कठीण.

तिथून पुढे प्रवरासंगम. टोक्याचे सिद्धेश्वराचे देऊळ पेशवेकाळातले. दगडातले कोरीव काम मुलांना शांतपणे पाहू द्या. कोणते शिल्प कोणत्या कथेतले, हे आजोबांना सांगू द्या. समोर प्रवरा गोदावरीला मिळते आणि पैठणच्या जायकवाडी धरणाचा फुगवटा इथवर येऊन टेकतो. थंडीत नाथसागराच्या उथळ पाण्यावर दूरदेशीचे पक्षी उतरतात. १९८६ पासून हा जलाशय पक्षी अभयारण्य आहे.

तिसरी सहल थोडी लांबची, भंडारदऱ्याची. पहाटे निघावे लागते, आणि जमल्यास एक मुक्काम करावा. धरणाचे काम १९२६ साली पुरे झाले. संगमनेर-अकोल्यावरून जाताना नदी हळूहळू अरुंद होते, शेते लहान होतात, उसाच्या जागी भात दिसू लागतो. पुढे रंधा धबधबा, मग धरणाची दगडी भिंत, आणि जलाशयाच्या वरच्या टोकाला रतनवाडीचे अमृतेश्वराचे प्राचीन मंदिर. उत्तरेला कळसूबाईचे शिखर, १६४६ मीटर, महाराष्ट्रातले सर्वांत उंच. पावसाळ्यात इथले रूप काही औरच. पण लहान मुले आणि म्हातारी माणसे बरोबर असतील तर पाऊस ओसरल्यावर, दसऱ्याच्या सुमारास जावे.

चौथी सहल पुणतांब्याची, अर्ध्या दिवसाची. मनमाडच्या वाटेवर जवळच हे गोदाकाठचे गाव आहे. इथे चांगदेवांची समाधी आहे. वाघावर बसून आलेल्या चांगदेवांची गोष्ट घरातल्या मुलांना आजीने सांगायची आणि ऐकून झाल्यावर घाटावर बसून डबा सोडायचा. फार चालवत नाही अशा वडीलधाऱ्यांसाठी ही सहल सर्वांत सोपी.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी. काळ कार्तिकापासून माघापर्यंतचा उत्तम. ओळखीच्या शेतात हुरडा असेल तर वाटेत तेही साधून घ्यावे. प्रवासाला एस.टी. आहेच. राज्यातली पहिली एस.टी. १ जून १९४८ रोजी आपल्याच नगरहून पुण्याला धावली. २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट मिळू लागले आहे; बायकांना घरी ठेवायला निदान भाड्याचे कारण तरी उरलेले नाही. शिदोरी घरचीच असावी: दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, कांदा. मात्र ती करण्यासाठी घरच्या लक्ष्मीने पहाटे तीनला उठायचे आणि बाकीच्यांनी सहाला, असे होता कामा नये. सहल सगळ्यांची, तर कामही सगळ्यांचे. पाणी भरपूर न्यावे. आणि एक ताकीद: नदीत वाळूउपशाचे खड्डे वरून दिसत नाहीत, आणि आवर्तन सुटलेल्या पाटाचे पाणी वरून संथ दिसले तरी पाय टिकू देत नाही. पोहण्याचा मोह तिथे नकोच.

शेवटी, या चार जागा एकत्र का सांगितल्या, तेही सांगतो. आपल्या मुलांना पाटाचे पाणी ठाऊक असते, आवर्तन ठाऊक असते. पण ते पाणी कुठून येते आणि आपल्यापुढे कुठे जाते, हे ठाऊक नसते. तुटीच्या वर्षी वरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडायचे की नाही, यावर केवढे रण माजते! २००५ सालच्या कायद्याने खोऱ्यातल्या सर्वांना समन्यायी वाटप ठरवले, तरी भांडण मिटलेले नाही. ज्याचा ऊस वाळतो त्याचा राग खोटा नसतो, आणि पैठणकडच्या माणसाची तहानही खोटी नसते. वर्तमानपत्रात हे वाचताना समोरचा माणूस नुसता ‘खालचा’ किंवा ‘वरचा’ असतो. पण ज्या मुलाने रतनवाडीच्या बाईला डोक्यावर हंडा घेऊन चढ चढताना पाहिले, ज्याने संगमावरच्या कोळ्याशी दोन शब्द बोलून घेतले, तो मोठेपणी या प्रश्नावर मत देताना थोडा थांबेल. त्याच्या मनात दोन माणसांचे चेहरे येतील. कायदा जे करू शकत नाही ते एवढ्याशा ओळखीने कधी कधी होते.

म्हणून गुरुजींना आणि बाईंना माझी विनंती आहे. यंदाची एक सहल लांबची असू द्या, पण एक नदीकाठची ठेवा. मुलांकडून प्रवरेचा नकाशा भिंतीएवढा काढून घ्या. वर रतनगड, खाली टोके, मध्ये आपले गाव. जिथे जिथे वर्ग जाऊन येईल तिथे एक खूण करा. आणि घरच्या मंडळींना सांगणे एवढेच, की येत्या सुगीनंतरचा एखादा रविवार आत्ताच ठरवून टाका. निघताना म्हातारीला विसरू नका.