संमती कोणाची, कोणापुढे?



फौजदारी न्यायालयात वारंवार उच्चारला जाणारा 'संमती' हा शब्द मी आज निवडला आहे. मी अर्थशास्त्राचा माणूस, कायद्याचा पंडित नव्हे. परंतु या शब्दाचा अर्थ लावताना देशाचे सर्वोच्च न्यायासन जेथे चुकले, ते प्रकरण आपल्याच जंगलपट्ट्यातले आहे.

26 मार्च 1972 च्या रात्री देसाईगंजच्या पोलिस ठाण्यात एक आदिवासी मजूर मुलगी जबाबासाठी आणली गेली. वय चौदा ते सोळा. गडचिरोली हा वेगळा जिल्हा तेव्हा नव्हता. तो 1982 साली झाला. तिचे नाव त्या खटल्याला कायमचे चिकटले आहे. मी ते घेणार नाही. जबाब आटोपल्यावर सोबतची मंडळी बाहेर पडली आणि तिला आत थांबवून घेण्यात आले. पुढे बलात्काराची फिर्याद झाली. चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने 1974 मध्ये दोघा पोलिसांना सोडून दिले. संबंध आला, पण तो संमतीने, असे न्यायालयाचे म्हणणे. 1976 मध्ये नागपूर खंडपीठाने हा निकाल फिरविला. भीतीपोटी निमूट पत्करलेली शरणागती म्हणजे इच्छा नव्हे, असा त्याचा आशय होता. अखेर 1978 मध्ये 'तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या निकालाने दोघेही निर्दोष सुटले. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे प्रतिकार नाही. प्रतिकार नाही, म्हणजे संमती!

वास्तविक 1860 च्या दंडसंहितेतच, इजेच्या भीतीने दिलेली संमती ही संमती नव्हे, असे कलम 90 होते. उणीव कायद्याच्या अक्षरात फारशी नव्हती. बंद दार, रात्र, खाकी गणवेश आणि समोर एक पोरकी मजूर मुलगी, या विषमतेची मोजदाद करण्याची तयारी नव्हती. बाजारात दोघे 'स्वेच्छेने' करार करतात, हे आमच्या शास्त्राचेही लाडके गृहीतक. ठेकेदाराच्या दराला मान डोलावणारा मजूर संमतीच देत असतो म्हणे! 1982 मध्ये आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेच सांगितले, की किमान वेतनाहून कमी मोबदल्यात राबणे ही वेठच आहे, कारण दारिद्र्याची सक्ती हीदेखील सक्तीच. मजुरीच्या बाबतीत जे उमगले, ते चार वर्षे आधी त्या मुलीच्या बाबतीत उमगले नव्हते.

1979 च्या सप्टेंबरात उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार व रघुनाथ केळकर या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्यानंतर देशभर स्त्रिया रस्त्यावर उतरल्या आणि 1983 मध्ये कायदा बदलला. कोठडीतील बलात्काराच्या खटल्यात संबंध सिद्ध झाला आणि 'माझी संमती नव्हती' असे स्त्रीने साक्षीत सांगितले, तर न्यायालयाने तसेच गृहीत धरावयाचे. उलट सिद्ध करण्याचा भार आरोपीवर. 2013 मध्ये संमतीची व्याख्याच आली. केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून संमती मानता येणार नाही, हेही तीत स्पष्ट झाले. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या न्याय संहितेत ते कायम आहे.

कार्यकर्त्यांनी आणखी एक तरतूद ध्यानात ठेवावी. साक्षीदार स्त्रीला चौकशीसाठी तिच्या राहत्या जागेखेरीज अन्यत्र बोलावता येत नाही. मात्र नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 179 मध्ये, ती स्वतः राजी असेल तर ठाण्यात येऊ शकते, अशी पुस्ती जोडलेली आहे. ती राजी होती की नाही, याची नोंद करणारा हात पोलिसाचाच असणार. म्हणून त्या वेळी आपल्यापैकी कोणीतरी तिच्या घरी हजर असावे.