ध्वनिक्षेपकाच्या तारेची जाडी



वसंतातल्या या व्याख्यानांत वेदान्तापासून अर्थकारणापर्यंत सर्व विषयांना मान मिळतो. त्यांच्या पंक्तीला आज आम्ही तांब्याची एक तार आणून बसवीत आहोत. कारण अगदीच क्षुल्लक नाही. घरी गाणे ऐकण्याची हौस असलेला गृहस्थ दुकानात जातो, आणि तेथे त्याला सांगण्यात येते की, अँप्लिफायरपासून स्पीकरपर्यंतची तार अंगठ्याएवढी जाड घेतली नाही, तर आवाज निम्मा होतो! या तारेची किंमत कधीकधी स्पीकरच्याच किमतीला जाऊन भिडते. तेव्हा या म्हणण्यात शास्त्र किती आणि व्यापार किती, हे पाहणे अगत्याचे आहे.

खरे आहे ते आधी मान्य करू. जर्मनीत जॉर्ज ओहम याने १८२७ साली आपला नियम ग्रंथरूपाने मांडला, आणि त्याच्या कचाट्यातून कोणतीही तार, मग ती कितीही महाग असो, सुटलेली नाही. तार लांब तितका तिचा रोध अधिक. जाड तितका कमी. १ चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध दर मीटरला सुमारे ०.०१७ ओहम असतो. विद्युत्प्रवाहाला जावयास एक आणि परत यावयास एक अशा दोन तारा लागतात. म्हणून हिशेबात लांबी दुप्पट धरावयाची. हे दुपटीचे कलम पुष्कळजण विसरतात.

समजा, स्पीकर ८ ओहमचा आहे आणि १० मीटरवर ठेवला आहे. अर्ध्या चौरस मिलिमीटरची बारीक तार वापरली, तर तिचा जाऊनयेऊन रोध सुमारे ०.६९ ओहम, म्हणजे विद्युद्दाबापैकी शेकडा आठ भाग वाटेतच खर्ची पडतो. अडीच चौरस मिलिमीटरची घेतली, तर हाच वाटखर्च शेकडा पावणेदोनवर येतो. आठ आणि पावणेदोन हे आकडे ऐकून विक्रेत्याचेच खरे असे वाटेल. पण कान शेकड्यात मोजीत नाही. डेसिबेलच्या मापात पहिली तार ०.७ आणि दुसरी ०.१५ इतका आवाज घटविते. दोहोंतला फरक अर्ध्या डेसिबेलहून थोडा अधिक. आवाज दुप्पट किंवा निम्मा झाल्यासारखा भासण्यास सुमारे १० डेसिबेल लागतात. म्हणजे ही बारीक तार आवाज निम्मा करावयाची, तर ती अडीचशे मीटर लांब हवी. इतका मोठा दिवाणखाना संस्थानिकांनाही परवडला नसता.

मंडपात मात्र तारा एवढ्या लांब जातात, हे खरे. गणेशोत्सवात दूरदूरच्या खांबांवर कर्णे लावावयाचे असतात, तेथे जाड तार हा उपाय कोणी करीत नाही. ट्रान्स्फॉर्मरने विद्युद्दाब १०० व्होल्टपर्यंत चढवितात, प्रवाह तितका उतरतो, आणि कर्ण्यापाशी पुन्हा दाब खाली आणतात. कोयनेची वीज मुंबईपर्यंत आणण्यात हेच तत्त्व आहे.

आता थोडा बारकावा. ८ ओहम हे स्पीकरचे केवळ नाव समजावे. सुरागणिक त्याचा रोध बदलतो. कोठे ६, तर खर्जाच्या एखाद्या भागात २० किंवा ३०. जेथे स्पीकरचा रोध कमी, तेथे तार अधिक खाते. म्हणून बारीक तारेने आवाजाची पातळी फारशी हालत नसली, तरी डग्ग्याचा घुमारा आणि गायकाचा गळा यांचे प्रमाण किंचित ढळू शकते. ४ ओहमच्या स्पीकरला हा दोष जवळजवळ दुपटीने लागतो. जाड तारेच्या बाजूने सांगण्याजोगे एवढेच, आणि तेवढे पुरेसे आहे.

विक्रेता तार बदलून दाखवितो आणि गिऱ्हाइकाला खरोखरच फरक जाणवतो, त्याचे काय? अर्धा डेसिबेल वाढला, तर ‘आवाज मोठा झाला’ असे सहसा वाटत नाही. ‘स्वच्छ झाला, खुलला’ असे वाटते. गिऱ्हाईक खोटे बोलत नसते. म्हणून तुलना करावयाची, तर स्पीकरच्या टोकांशी व्होल्टमापक लावून दोन्ही वेळचा दाब शेकडा एकाच्या आत जुळवून घ्यावा, आणि कोणती तार जोडली आहे हे ऐकणाऱ्याला कळू देऊ नये. दुकानात हे करू देतील, अशी आशा आम्ही बाळगीत नाही.

तारेचा रोध स्पीकरच्या रोधाच्या शेकडा पाचांच्या आत असला म्हणजे घरगुती कामाला पुरे. ८ ओहम आणि १० मीटर यांना १ चौरस मिलिमीटर चालते. ४ ओहमला अडीच घ्यावी. ३ मीटरला अर्ध्याचीही अडचण नाही. मात्र जाडी पाहावयाची ती आतल्या धातूची. वरचे प्लास्टिक फुगवून बारीक तारही धष्टपुष्ट दिसते. आणि तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार बाजारात सर्रास मिळते, तिचा रोध त्याच जाडीच्या तांब्याच्या सुमारे दीडपट असतो. टोक खरवडले की आतला पांढरा रंग दिसतो.

आणि दोहोंपैकी एक स्पीकर हळू वाजत असेल, तर नवी तार आणण्यापूर्वी संच बंद करून अँप्लिफायरपाशी डाव्याउजव्या तारांची अदलाबदल करावी. तोच स्पीकर पुन्हा हळू वाजला, तर दोष तार, तिचा सांधा, स्पीकर किंवा खोलीतली त्याची जागा यांत आहे; दुसरा हळू वाजू लागला, तर दोष तारेच्या अलीकडे आहे. सांधा हिरवा पडलेला असेल, तर तो घासून घट्ट बसवावा. याला पैसे पडत नाहीत.