शेतकरी की लढवय्या?

आडुतुरै हे भाताचे गाव. येथील भातसंशोधन केंद्र १९२२ मध्ये स्थापन झाले. भाताच्या शेतात अळी ही शत्रूच होय. आज मात्र मला एका अळीची बाजू मांडावयाची आहे.

सह्याद्रीच्या दमट अरण्यांत एक नारिंगी फुलपाखरू आढळते. इंग्रजीत ते ‘तमिळ योमन’. योमन म्हणजे स्वतःची जमीन कसणारा शेतकरी. तमिळमध्ये तेच ‘मरवन’, म्हणजे लढवय्या. २०१९ मध्ये तमिळनाडूने त्यास राज्य-फुलपाखराचा मान दिला. मराठीत यांपैकी कोणता अर्थ आणावा, हा अनुवादकापुढील प्रश्न.

उत्तर अळीपाशी मिळते. कारवारचे वनाधिकारी टी. आर. बेल यांनी अळ्या पाळून अनेक फुलपाखरांचे जीवनक्रम नोंदविले. अळीचे खाद्यझाड कळल्याखेरीज फुलपाखरू कळत नाही, हा त्या कामाचा धडा. या फुलपाखराची अळी कडुकवठाची पाने खाऊन वाढते. सल्फोन औषधे येण्यापूर्वी कुष्ठरोगावर ज्याच्या बियांचे तेल वापरीत, तेच हे झाड. फुलपाखरू उडून जाईल. अळीला ते साधणार नाही. झाड तुटले, की तिचा आधारच गेला. जमीन गेलेल्या शेतकऱ्याची अवस्था याहून वेगळी नसते.

म्हणून मी ‘शेतकरी’ हाच अर्थ स्वीकारला. फुलपाखरास मान मिळाला. आता कडुकवठालाही अभय मिळावे.