बोटे गेली, हक्क गेला नाही



आज आपण कामावर होणाऱ्या दुखापतीविषयी बोलू.

आमच्या रात्रीच्या वर्गाला एक गडी येतो. तो मळणी यंत्राच्या मालकाकडे मजुरीला होता. सोयाबीनची मळणी चालली होती. पेंढी आत सारताना हात ओढला गेला. उजव्या हाताची दोन बोटे गेली. मालकाने त्याला दवाखान्यात नेले. पहिल्या दिवसाचे बिलही भरले. पुढे मात्र म्हणाला, "चूक तुझीच. लक्ष कुठं होतं तुझं?"

पट्टी बदलायची, सुया, औषधे, हेलपाटे. खर्च थांबेना. बायकोने डोरले गहाण ठेवले. मग एक दिवस मालकाचा माणूस दोन हजार रुपये आणि एक कागद घेऊन आला. गड्याने डावा अंगठा उठवला.

कागदाची नक्कल त्याच्या घरी होती. दहा महिन्यांनी, जोडाक्षरे शिकल्यावर, त्याने ती वर्गात वाचली. तिच्यावर लिहिले होते, 'माझी आता काही मागणी उरली नाही.' वाचून तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "गुरुजी, सारं संपलं का हो?"

नाही. संपलेले नव्हते. का, ते ऐका.

कामगार नुकसानभरपाईचा कायदा आपल्या देशात 1923 साली झाला. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याची जागा 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. पण मुख्य हक्क तेच राहिले. यंत्रावर राबणारा शेतमजूर, बांधकामावरचा मजूर, असे पुष्कळ कामकरी त्यात येतात.

पहिली गोष्ट. काम करताना दुखापत झाली, तर उपचाराचा जो खर्च खरोखर झाला, तो मालकाने द्यायचा. ही तरतूद 2010 पासून लागू झाली. कायमचे अपंगत्व आले, तर भरपाई वेगळी. ती मजुरी, वय आणि अपंगत्व पाहून ठरते.

दुसरी गोष्ट. 'तुझं लक्ष नव्हतं' एवढ्यावर हक्क बुडत नाही. दारू पिऊन काम केले, किंवा सुरक्षेचा नियम मुद्दाम मोडला, तर मात्र अडचण येते.

तिसरी गोष्ट. हक्क सोडून देण्याचा करार कायद्यापुढे टिकत नाही. त्या अंगठ्याने गड्याचा हक्क गेला नव्हता.

मग लोकांना पैसे का मिळत नाहीत? कारण आधी खर्च आपल्याला करावा लागतो, आणि पुरावा जवळ नसतो. म्हणून एवढे करा. दवाखान्यात सांगा, की दुखापत कामावर झाली. तसे कागदावर लिहून घ्या. औषधाची प्रत्येक पावती पिशवीत जपून ठेवा. मालकाला लेखी कळवा आणि नक्कल ठेवा. बरोबर कोण होते, त्यांची नावे लिहा. दावा दोन वर्षांच्या आत करा. पगारातून राज्य विम्याचे पैसे कापले जात असतील, तर उपचार आणि भरपाई त्या विम्यातून मिळते. तेव्हा विम्याच्या कचेरीत जा.

वकिलाला पैसे कोठून आणायचे? तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग आणि गरीब यांना तेथे फुकट वकील मिळतो.

आमच्या गड्याने अर्ज केला आहे. निकाल अजून लागायचा आहे. सुरुवातीच्या पावत्या हरवल्या, त्याची त्याला हळहळ वाटते. पण अर्जाखाली त्याने अंगठा उठवला नाही. उरलेल्या तीन बोटांत लेखणी धरून त्याने सही केली. अक्षर वाकडे आले, पण त्याचे स्वतःचे होते.

मंडळी, वाचल्याशिवाय कोणत्याही कागदावर सही करू नका. वाचता येत नसेल, तर आमच्याकडे या. आपण मिळून वाचू.