आधी दहा नोंदी तपासा
(विहाराच्या वर्धापनदिनी नशिराबाद येथे केलेले भाषण)



आपली मुले विचारतात, "दादा, कोर्स झाला, पण ऑटोमेशनचं काम आम्हाला कोण देणार?" ऑटोमेशन म्हणजे रोज हाताने होणारी नोंद, हिशोब, निरोप ही कामे संगणकाकडून आपोआप करून घेणे.

माझे पहिले काम याच विहाराच्या वर्गणीचे. वहीतील यादी संगणकात घेतली. बाकीदारांना मोबाईलवर आठवण आपोआप जाऊ लागली. पहिल्याच महिन्यात एका आजींनी पावती आणून दाखवली, "बाळा, मी तं भरले ना पैसे!" माझी मान खाली गेली. शोधले तर एकाच नावाच्या दोघी निघाल्या. तेव्हापासून प्रत्येक नावाला क्रमांक देतो आणि नवे काम आधी दहा नोंदींवर तपासतो. आत्मविश्वास आला तो त्या चुकीतून.

दुसरी भीती आडनावाची. बाबासाहेब १९१७ साली परदेशातून परतले. पुढे त्यांनी गुंतवणूक-सल्ल्याचा व्यवसाय काढला. जात कळताच गिऱ्हाईके गेली. तरी ते खचले नाहीत. १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, १९२० साली पुन्हा लंडनला जाऊन शिक्षण पूर्ण केले.

तथागतांनी कालामांना हेच सांगितले : ऐकीवावर विसंबू नका, स्वतः पडताळा. तेव्हा मुलांनो, किराणा दुकान, डाळ मिल, केळीचा व्यापारी, कोणाचेही एक लहान काम घ्या. चोख करा, आणि मोबदला मागताना लाजू नका.

नमो बुद्धाय, जयभीम!